निळ्याच्या दोन बाजूंना हिरवा

देवळाली प्रवरा,
१२ डिसेंबर १९९९, रविवार

प्रिय रेश्माताई,

तू एस.टी.च्या पार्सलने पाठवलेलं वायरीचं भेंडोळं बुधवारी सुखरूप मिळालं. सोबतचे वायरीच्या टोकांना बसवायचे जॅक, पक्कड, कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी हब नावाची ती डबी आणि तू स्वतः जोडलेला हातभर लांबीचा नमुन्याचा तुकडाही. सगळं सतरंजीवर मांडून तुझ्या यादीशी दोनदा ताडून पाहिलं. सीमावहिनी म्हणाली, भाऊजी, लग्नाचा बस्ता आलाय की काय? ती हसली, पण मी यादी तिसऱ्यांदा ताडायला घेतली. घरचं काम नीट झालं तर कॉम्प्युटरच्या वायरी टाकणाऱ्या तुझ्या साहेबांकडे माझं नाव सुचवशील, असं तू म्हणाली होतीस. नववी नापास माणसासाठी पुण्यात कोणी शब्द टाकेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मी राहुरीहून फोनचीच वायर आणणार होतो. वरून सारखीच दिसते. पण तू आधी पाठवलेल्या सूचनांच्या कागदावर पहिलीच ओळ होती, की फोनच्या वायरीवर भागणार नाही. आठ तारा हव्यात, त्या जोडीजोडीने पिळलेल्या हव्यात आणि तांबं आतपर्यंत तांबंच हवं. मी एक तार ब्लेडने खरवडून पाहिली. आतपर्यंत लाल निघाली. तू दुकानात उभी राहून हे सगळं पारखलं असशील, हे डोळ्यांसमोर आलं. लहानपणी बाजारात वांगी निवडतानाही तू अशीच एकेक उलटून पाहायचीस आणि माळीणबाई चिडायच्या.

चार वर्षं मी लोकांच्या घरांची विजेची फिटिंग करतोय. माझ्या मनाने केलं असतं, तर ही वायर विजेच्याच पट्टीत कोंबली असती. तू लिहिलंस, विजेपासून हातभर लांब ठेव, आधी सुतळीने मोज, दोन्ही टोकांना वीतभर जास्त ठेव, कोपऱ्यात दुमडू नकोस, गोल वळसा दे. पुढच्या, वहिनीच्या कॉम्प्युटर क्लासच्या खोलीपासून गच्चीवरून मागच्या खोलीपर्यंत सुतळी धरायला आई उभी राहिली. शेजारच्या रंगुबाईंनी विचारलं, हर्षल, टीव्हीची वायर टाकतोस व्हय रं? आई म्हणाली, न्हाई, रेशमीनं पुन्याहून धाडलीय, दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलनार हायेत. तुझं नाव घेताना तिची मान किती ताठ झाली, ते तू पाहायला हवं होतंस.

पण शुक्रवारी कॉम्प्युटर चालू केले, तर ते बोलेनात. म्हणजे लहानशी फाईल जायची आणि मोठी अर्ध्यात अडकायची. वहिनीच्या मुलींची परीक्षा शनिवारी होती. प्रिंटर पुढच्या खोलीत आणि निम्म्या मुली मागच्या खोलीत. मी प्रत्येक तार बॅटरी आणि बल्ब लावून पुन्हा तपासली. आठही वेळा बल्ब लागला. मग हबमधल्या खाचा बदलून पाहिल्या, वायर आवळणारे खिळे सैल केले. शेवटी तुझा हातभर तुकडा काढून माझ्या टोकाशेजारी धरला आणि जॅकच्या पारदर्शक प्लॅस्टिकमधून आत पाहिलं.

ताई, तुझ्या कागदात निळ्या जोडीच्या एका बाजूला पांढरा-हिरवा होता आणि दुसऱ्या बाजूला हिरवा. मला वाटलं, घाईत तुझी चूक झाली. मी ती दुरुस्त केली. नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी, अशा ओळीने बसवल्या. दोन्ही टोकांना सारख्या. दिसायला फार सुरेख दिसत होत्या. वहिनी म्हणाली, ताईंचा पेपर तपासायला तुम्ही मास्तर कधी झालात? मग उरलेल्या वायरीचा एक तुकडा सोलून बसलो. प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा आहे, एकीचा घट्ट, एकीचा सैल. जॅकमधली तिसरी आणि सहावी जागा मिळून एक वाट होते. मी तिथे एक तार हिरव्या जोडीतली दिली होती आणि दुसरी निळ्या जोडीतली. संदेशातली खरखर मिटवायला ज्या एकत्र पिळल्या होत्या, त्यांची मी ताटातूट केली होती. बल्बला ते कळत नाही. दोन्ही टोकं कापून तुझ्या कागदाप्रमाणे जोडली आणि सगळ्यात मोठी फाईल सरळ गेली. परीक्षा वेळेवर झाली. पण वायर कोणी एवढा विचार करून पिळली असेल आणि तू तो विचार ओळखून रंगीत पेन्सिलींनी माझ्यासाठी काढला असशील, हे माझ्या मनातून जात नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो, ते लिहितो. गुरुवारी संध्याकाळी बूथवरून फोन करून मी तुला म्हणालो, झालं, चालतंय. तेव्हा दुपारपासून लाईट नव्हती. कॉम्प्युटर मी चालू करून पाहिलाच नव्हता. बल्ब लागला एवढ्यावर बोललो. माझ्या त्या शब्दावर तू साहेबांना सांगितलंस आणि त्यांनी एक तारखेला ये म्हणून निरोप दिला. मी कापलेली दोन्ही चुकीची टोकं या पाकिटात घातली आहेत. साहेबांना ती दाखव, फोनचंही सांग, आणि मग त्यांना विचार, यावं की नाही. ये म्हणाले तर बॅग भरलेली आहे. नको म्हणाले तर तुझा कागद परत मागू नकोस, तेवढा मला ठेवू दे.

तुझाच भाऊ,
हर्षल