गाडीसाठी घेतलेली सावली माणसांना परत देण्याबाबत

प्रति,
मा. उपविभागीय अधिकारी,
भीमाकाठ पाणीवाटप योजना,
उपविभागीय कार्यालय, केडगाव,
ता. दौंड, जि. पुणे

विषय : अभ्यागतांच्या पत्राशेडमधून कार्यालयाची गाडी बाहेर काढणेबाबत.

संदर्भ : १) आपली तोंडी सूचना. २) माझा दि. ५ मे रोजीचा लेखी खुलासा (खोटा).

महोदय,

मी खाली सही करणारा हौशीराम भिमा कोकरे, आपल्या कार्यालयातील कंत्राटी वाहनचालक, नम्रपणे कळवतो की,

१. जुन्या गाडीचा डॅशबोर्ड उन्हाने तडकला होता आणि दारांवरच्या काळ्या पट्ट्या राखेसारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. नवी गाडी आली तेव्हा, हिचे तसे झाले तर पुढच्या वर्षी कंत्राट विसरा, असे आपण मला बजावले. आपले काही चुकले असे माझे म्हणणे नाही. मी घाबरलो, एवढेच नमूद करतो.

२. प्रथम मी पट्ट्यांना खोबरेल तेल चोळले. त्यावर कासुर्डीपर्यंतची सगळी धूळ बसली आणि उरलेले तेल आवारातल्या कुत्र्याने चाटले. मग डॅशबोर्डवर वडिलांची घोंगडी पसरली. मेंढरांमागे हिंडताना त्यांनी तिच्याखाली कित्येक उन्हाळे काढले, तेव्हा प्लास्टिकचेही भागेल असे वाटले. परंतु त्या लोकरीने आपणास वाटभर शिंका आल्याने तो उपाय बंद करावा लागला.

३. शेवटी माझी नजर अभ्यागतांच्या पत्राशेडवर गेली. बाकडे उचलून बाहेर ठेवले आणि गाडी आत घातली. ती इतकी नेमकी बसली की मला फार आनंद झाला. ‘फक्त शासकीय वाहन’ ही पाटी मीच रंगवली. रांजणातल्या पाण्याने पोती भिजवून बंपरवर टाकू लागलो. दुपारी लोक प्यायला पाणी मागत, तेव्हा रांजण कोरडा असे. आपल्या खोलीची खिडकी दुसऱ्या बाजूला असल्याने आपणास हे दिसण्याचा प्रश्न नव्हता.

४. दि. २ मे रोजी खुटबावच्या सरूबाई, मयत पतीच्या नावची पाण्याची पाळी स्वतःच्या नावावर करण्यासाठी आल्या. वयस्कर बाई, शेडच्या कोपऱ्यात गाडीला टेकून बसल्या. “मावशी, उठा, दाराला घाम लागतोय तुमचा,” असे मी बोललो. मी नशेत नव्हतो. त्या “व्हय बाबा, उठते,” म्हणाल्या आणि उन्हात जाऊन बसल्या.

५. मी चहाला गेलो. ऊन कलले आणि शेडच्या उघड्या बाजूने मागच्या बंपरवर आले. पोते वाळले होते. सरूबाईंनी आपल्या बाटलीतल्या पाण्याने भिजवून डोक्यावर घेतलेला टॉवेल काढून बंपरवर पसरला आणि त्या तिथेच कोसळल्या. मी आलो तेव्हा टॉवेल गाडीवर होता आणि त्या जमिनीवर.

६. खुलाशात मी ‘सदर महिला उपाशीपोटी आल्याने चक्कर आली’ असे लिहिले. ते धादांत खोटे आहे. त्यांनी माझ्यादेखत भाकरी खाल्ली होती, मलाही विचारली होती. नंतर दवाखान्यात, टॉवेल का काढला, असे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, “तू सकाळधरनं त्या गाडीभवती घिरट्या घालतूस. म्हनलं, तापली तर सायेब तुझ्याच पोटावर पाय दील. मला कशाचं ऊन लागतंय?” साहेब, त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते. मला माझीच लाज वाटते.

७. सबब माझा खुलासा रद्द समजून, झाल्या प्रकारास मीच जबाबदार आहे अशी नोंद घ्यावी. आपल्या मंजुरीची वाट पाहायला हवी होती, पण राहवले नाही. गाडी आज सकाळीच बाहेर काढून बाकडे आत ठेवले आहे आणि रांजण भरला आहे. पट्ट्या पांढऱ्या पडतील. कंत्राटाबाबत आपण घ्याल तो निर्णय मला मान्य राहील.

८. सरूबाईंना येत्या मंगळवारी पुन्हा बोलावले आहे. त्या बऱ्या आहेत आणि येणार आहेत. गाडी उन्हात उभी दिसली, तर त्या डोक्यावरचा टॉवेल पुन्हा काढतील, याची मला खात्री आहे. तरी त्या दिवशी गाडी त्यांच्या नजरेस पडणार नाही अशा ठिकाणी, आवाराबाहेर लांब उभी करू द्यावी, ही हात जोडून विनंती.

आपला अपराधी व नम्र,

(सही)
हौशीराम भिमा कोकरे
वाहनचालक (कंत्राटी)

ठिकाण : केडगाव
दिनांक : ९ मे २०२५

सोबत : उतरवलेली पाटी, एक.