मावशीची वही

३ मार्च, सोमवार

आज काकांशी वाजलं. तेही गिऱ्हाईकासमोर!

एक नर्सबाई त्यांच्या वडिलांचं पत्र घेऊन आल्या. दोन पानं, निळी शाई, दवाखान्याच्या खाटेवरून लिहिलेलं शेवटचं पत्र. भावानं हौसेनं जाड पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवलं, आता पुठ्ठाच कुजायला लागलाय. पत्र सोडवून द्यायचं.

काका म्हणाले, "पाणी लावायचं नाही. मागून पुठ्ठाच तासायचा, एकेक थर. आठवडा लागेल." दुकान माझं, पण जुने कागद दुरुस्त करायची विद्या सगळी काकांची. सख्खे नव्हेत. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली लागलो, तेव्हापासून काका.

मी मोबाइल काढला. दहा ठिकाणी एकच उत्तर — पाण्यात दोन चमचे व्हिनेगर टाका, निळी शाई पक्की होते, मग कागद खुशाल भिजवा. स्वतःच्या मावशीच्या जुन्या वहीवर करूनही पाहिलंय म्हणे! मोबाइल काकांच्या नाकासमोर धरला. "तुम्ही एकटे एक सांगता, दहा जण दुसरं सांगतात. ऐकायचं कुणाचं?"

"घाईराम, या दहांतल्या कुणाचे हात पाहिलेस तू?" घाईराम हे त्यांनीच मला पहिल्याच आठवड्यात ठेवलेलं नाव. वर बाईंना म्हणाले, "पहिल्या वर्षी हा दिवसभर फोनवरून जगाला शिकवत बसायचा. स्वतः शिकायचं तेवढं राहून गेलं." बाई हसल्या. मला झोंबलं.

४ मार्च

काका डोळे तपासायला गेलेत, दुपारनंतर येतील. पाणी लावायचंच तर आधी कोपऱ्यावर थेंब टाकून शाई पसरते का ते दिवसभर बघायचं, हा त्यांचा नियम. दिवसभर! ते येईपर्यंत पत्र सुटं करून टेबलावर ठेवतो. मग बघू.

त्याच दिवशी, दुपारी

व्हिनेगर टाकूनही पाणी निळं झालं. बघता बघता. पानं उचलली, तर वर "बाळा" एवढं राहिलंय, खाली अर्धी सही. मधलं सगळं गेलं.

मोबाइल सकाळपासून हातात होता. पत्राचा एक फोटो काढायचं सुचलं नाही.

५ मार्च

काका काल परत आलेच नाहीत. आज त्यांना सांगितलं. त्यांनी ट्रेमधलं निळं पाणी ओतून टाकलं, पानं टिपकागदात वाळत घातली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

६ मार्च

निरोप धाडला होता, बाई आल्या. रडल्या नाहीत. कोरी पानं उलटसुलट करून पाहिली, "बाळा"वरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "मी अजून दोनदाच वाचलं होतं. तिसऱ्यांदा धीर झाला नव्हता."

मग काकांच्या जाड चष्म्याकडे बघून म्हणाल्या, "वय झालं की हात चुकतो. जाऊ दे."

मी तोंड उघडायला हवं होतं. तिथल्या तिथे. काकांनी माझ्याकडे पाहिलं, वाट पाहिली. मी पुडक्याला दोरी बांधत राहिलो! शेवटी तेच म्हणाले, "चुकलं, बाई. माफ करा."

लाज वाटते. या पानालाही तोंड दाखवावंसं वाटत नाही.

७ मार्च

काका आले नाहीत. खणात त्यांचा पुठ्ठा तासायचा चाकू नाही.

९ मार्च

आजही नाहीत. फोन उचलत नाहीत. घरी जायचं म्हणून चप्पल घातली, काढली, पुन्हा घातली. गेलो नाही.

सगळा राग त्या उत्तर देणाऱ्यावर. मोबाइलवरची ती दहाही उत्तरं एकापाठोपाठ एक उघडून वाचली. शब्दन् शब्द तोच. तेच दोन चमचे, तेच "खुशाल", तीच मावशी! एकमेकांचं उचललंय नुसतं. मी दहा माणसं मोजत होतो, होता एकच. तो सापडू दे, असा धुतो की जन्मात कुणाला शिकवणार नाही. हे सगळं आधी कुणी लिहिलं ते उद्या शोधून काढतो.

१० मार्च

सापडला. बारा वर्षांपूर्वीचं उत्तर. खाली अजून लोक आभार मानताहेत.

नाव लिहिलंय — घाईराम.

माझी आई एकुलती एक. मला मावशी नाही.