सांध्यावरच्या लाल टिकल्या

३ फेब्रुवारी
आले एकदाची तोरणमाळला! घाटाच्या वळणांनी पोटातला चहा पार ढवळून निघाला, पण इथली हवा म्हणजे नुसतं सुख. दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट मी एकटीच. काम मजेचं आहे: पेशंटच्या सांध्यांवर खुणा चिकटवायच्या, वाकतानाचा व्हिडिओ काढायचा आणि पडद्यावर कोन मोजायचा. तोच व्हिडिओ मी दोनदा मोजणार, मग नंदुरबारहून माझा सहकारी पवन मोजणार. सगळ्यांचे आकडे जुळले तरच मोजणी भरवशाची. खुणांचे स्टिकर मी घरीच विसरले, म्हणून दुकानातून लाल टिकल्या आणल्या. जुगाड झिंदाबाद!

५ फेब्रुवारी
पहिली पेशंट फुलीबाई, इथंच झाडलोट करते. गुडघा झकास वाकला. टिकल्या बघून मात्र कुरकुरली. म्हणाली, गेलेल्या माणसाच्या नावानं उभ्या केलेल्या दगडाला आम्ही असं लाल लावतो. जित्याच्या अंगाला लावलं तर अंगाचाच दगड होतो. मी हसले. तिची भीती जावी म्हणून माझ्याही गुडघ्यांना आणि बोटांच्या पेरांना टिकल्या लावून व्हिडिओ काढले. सगळे पवनला धाडून दिले.

८ फेब्रुवारी
फुलीबाईचा व्हिडिओ दुसऱ्यांदा मोजला. गुडघा कमी वाकतोय. त्याच व्हिडिओत! माझंच चुकलं असेल म्हणून परत मोजला. आणखी कमी. संध्याकाळी ती पाय ओढत आली. गुडघ्याला हात लावला तर गार, टणक.

९ फेब्रुवारी
टिकल्या कधीच काढल्यात, पण कातडीवरचे लाल ठिपके जात नाहीत. साबण, रॉकेल, सगळं करून झालं. आणि आता माझेही गुडघे— पायरी उतरता येईना. माझा व्हिडिओ तर मी उघडलाच नाही. मोजलं की सांधा आखडतो, म्हणजे पवननं मोजायला घेतलाय. आई गं!

१० फेब्रुवारी
फुलीबाईला बसता येत नाही. रडते, मला शिव्या देते. देऊ दे. माझ्याकडचे व्हिडिओ पुसून टाकले. पण पवनकडचे? रेंजसाठी टेकडीवर सरपटत गेले. फोन लागला. तो म्हणाला, आकडे जुळत नाहीत, पण जुळेपर्यंत मोजत राहीन, काळजी करू नको. मी किंचाळले— रेंज गेली होती.

११ फेब्रुवारी
गुडघे गेले. खाटेवर ताठ पडलेय. भीती वाटते, खूप भीती वाटते— आत्ता पवनचा त्याच्या अहिराणीत मेसेज आला. 'गुडघाना आकडा जुळना, शून्य. आते बोटेस्ना व्हिडिओ लेस.' गुडघ्याचा आकडा जुळला म्हणे, आता बोटांचा व्हिडिओ घेतोय!
नको म्हणून टाइप करायला गेले, अंगठा वाकत ना— फोन पडला— पेन अजून बोटांत आहे— करंगळी गार— पवन, अरे थांब, मोजू न—