उंबराचा भाऊ

आमच्या हट्टी आईंना,

आज आपल्या अंगणातल्या अंजिराचं पहिलं पिकलेलं फळ मिळालं. तुम्हाला सांगितल्याशिवाय ते तोंडात घालवेना, म्हणून हे पत्र.

आणि आधीच सांगते, मी झाड छाटलं. घ्या, झालं सांगून.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "उंबराच्या भावाला कोयता लावतंस गो? दत्ताला काय सांगशील?" पुण्याकडच्या वाणाचं हे रोप उंबराच्या कुळातलं, असं कोणीतरी तुम्हाला सांगितलं आणि दर गुरुवारी तुम्ही त्याला दिवा लावू लागलात. फळ खायचं की पाया पडायचं, हे तरी ठरवायचंत ना?

झाड नुसतं उंच होत गेलं. पावसात पानांवर तांबेरा, फळं कच्चीच गळायची. "यंदा पिकंल," हे तुमचं दरवर्षीचं. कवळी काढूनही खाता येईल असं फळ तुम्हाला हवं होतं. ते न चाखताच गेलात, हे मला फार लागतं, आई.

तुमच्यामागे गणपती झाले आणि तुमचा लेक म्हणाला, "फळ देत नाही, मुळापासून काढू. गाडी तरी उभी राहील." माझं डोकंच फिरलं. नर्सरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, अंजीर नव्या फुटीलाच फळ धरतं. पाऊस संपला की छाटा." मग नारळ फोडला, झाडाची माफी मागितली, तुमचीही मागितली आणि कोयता घेतला. चिकाने बोटं खाजून खाजून लाल झाली. तो तुमचाच फटका, मला माहीत आहे.

पण फूट काय आली म्हणता! पानापानाच्या बेचक्यात फळ. बुलबुलांपासून वाचवायला तुमच्या जुन्या साडीच्या पिशव्या बांधल्यात. फळ घंटेसारखं, वरून जांभळट, आत म्हणे गुलाबी. साल मात्र इतकी पातळ की दोन दिवस टिकणार नाही. सुकवून बाजारातल्या सुकामेव्यावाल्याला विकायचा तुमचा बेत होता ना? तो विसरा. हे ताजंच खायचं. तुमचा लेक आता शेजाऱ्यांना "आमचं झाड" दाखवत फिरतो आणि गाडी उन्हात तापते.

तुम्ही जिच्याखाली दिवा ठेवायचात, त्या फांदीला मी हात लावला नाही. तिला एकही फळ नाही. पानं हलवत ऐटीत उभी आहे, अगदी तुमच्यासारखी. शब्द देते, ती कधीच कापणार नाही, आणि गुरुवारचा दिवाही तिच्याखाली लागेल.

आजचं अंजीर तिथेच ठेवलंय, पिशवी न घालता. बुलबुलाने खाल्लं तर तुम्ही खाल्लंत असं समजेन.

तुमची कोयतेवाली सून,
शैला