आईचे हात सोडले

तंजावूर
मंगळवार, ११ मार्च २०२५

चिरंजीव सेतूस भामाक्काचा आशीर्वाद.

तू, लावण्या आणि मुलं बरी असाल. इथे ऊन आत्ताच तापायला लागलंय. दारातला कढीपत्ता शेजारची भुवना पाणी घालते म्हणून तगून आहे. तिचा मुलगा साईराम आज बंगळूरला निघालाय, उद्या लगेच परत येतोय, त्याच्या हाती हे पत्र देते. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, आणि लावण्या शेजारी असते. देवनागरी तुमच्या घरात तुझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही, तेव्हा मोकळेपणी लिहिते.

परक्यांसमोर मराठी बोलायची नाही, त्यांना वाटतं आपण त्यांच्याबद्दलच बोलतोय, ही आईची शिकवण तू विसरला नसशील. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं आणि आईची तमिळ गेली. जन्मभर बाजारात, देवळात बोललेली तमिळ, पार पुसली गेली. डॉक्टर राउंडला आले, त्यांनी काही विचारलं, ती नुसती बघत राहिली. मग मी विचारलं, तेही तमिळमध्येच, कारण वॉर्डात परकी माणसं होती. ती माझ्याकडेही तशीच बघत राहिली. डॉक्टर म्हणाले, आजीबाईंना पोटची मुलगीही ओळखू येत नाही. झालं, तेव्हापासून ती त्यांच्या लेखी भ्रमिष्ट.

ते बाहेर गेल्यावर तिने माझा पदर धरला. "पोट जळतें गे भामा. कुणास तरी सांग की."

मी सांगितलं. सिस्टरला सांगितलं, ड्यूटी डॉक्टरला सांगितलं, अगदी झाडणाऱ्या बाईलाही सांगितलं. सगळ्यांचं एकच, भ्रमात म्हातारी माणसं काहीही बोलतात. सलाइनची सुई ओढते म्हणून तिचे दोन्ही हात पट्टीने पलंगाला बांधले. मी भांडायला लागले तेव्हा त्यांनी तुला फोन लावला. तू मुलगा, त्यातून इंग्रजी फाडफाड बोलणारा. तू म्हणालास, आई अलीकडे विसरतेच, अक्का उगाच घाबरते, झोपेचं इंजेक्शन द्या. फोन स्पीकरवर होता, सेतू. मी तिथेच उभी होते. पन्नाशीचा झालास तरी तुझ्या कानाखाली वाजवावी असं वाटलं.

इंजेक्शनं चालू राहिली. एकदा राउंडच्या वेळी तिला नेमकी जाग आली आणि मी डॉक्टरांची वाट अडवली. म्हटलं, हवं ते विचारा तिला, मी आमच्या भाषेत विचारते आणि तिचं उत्तर तुम्हाला तमिळमध्ये सांगते. भरल्या वॉर्डात मी मोठ्याने मराठी बोलले, जन्मात पहिल्यांदा. तिने नाव सांगितलं, कमलाक्षी. माहेर तिरुवैयारु. वार शुक्रवार. नवऱ्याचं नाव मात्र घेईना, माझ्याकडे बोट करून म्हणाली, हिच्या बापाचं हिलाच विचारा. सिस्टर हसल्या. मग डॉक्टरांनी विचारलं, दुखतं कुठे?

"पोटांत. कितीदां सांगूं? हात बांधून ठेवल्यावर दाखवूं कसें?"

कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी स्वतः पट्ट्या सोडल्या, पोट दाबून पाहिलं, आणि दुपारी स्कॅन झाला. आतडं फुटलं होतं. पुन्हा ऑपरेशन केलं, पण तोवर विष रक्तात भिनलं होतं. आधी कळलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

काल म्हणाले, घशात नळी घालून यंत्रावर ठेवू. बरी होईल का, विचारलं. म्हणाले, आशा ठेवू नका, थोडे दिवस मिळतील, आणि नळी ओढू नये म्हणून हात पुन्हा बांधावे लागतील. तू फोनवर हो म्हणालास, तेही त्यांनी सांगितलं. मी आईलाच विचारलं. "नको गे," एवढंच म्हणाली आणि दोन्ही हात चादरीखाली लपवले.

मी नको म्हणून सही केली. यापुढे काही विचारायचं तर तिला आणि मला विचारा, बंगळूरला फोन करू नका, असंही सांगितलं. तू चिडशील. चीड.

इतका वेळ कढीपत्ता न् काय काय लिहीत बसले. आई राहत नाही, सेतू. आज ना उद्या.

एक गोष्ट मात्र तुला ठाऊक हवी. पट्ट्या सोडल्या त्या दिवशी तिने विचारलं, "सेतूस कळलें काय, माझे हात बांधलेले?" मी म्हटलं, कळलं, त्यानेच तर सोडायला लावले, डॉक्टरांना फोनवर चांगलं झापलं त्याने. तिचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू. शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती मराठीत तेच सांगत बसली, माझ्या मुलानें सोडविलें म्हणून. त्या बिचारीला एक अक्षर कळलं नाही.

साईरामबरोबर लगेच नीघ. ती तुझा हात धरेल आणि तुला तेच म्हणेल. तू फक्त हो म्हण.

तुझी थोरली,
भामाक्का