दूध बंद, मोठीमाय!

प्रिय मोठीमाय,

आज पुसदच्या डॉक्टरनं मले टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दिल्या अन् मी त्याच्यासमोरच खुदकन हसली. बिचारा चपापला! छातीत कफ, अंगात ताप, अन् बाई हसून राह्यली! त्याले काय सांगू, की मले तू दिसली म्हणून? घरी आल्याआल्या तुले लिहायले बसली.

आठवते ना मोठेबाबाचा न्यूमोनिया? आपल्या बोरी अरब गावात तेव्हा ह्या गोळ्या नव्याच होत्या. डॉक्टरनं सांगितलं, सहा-सहा तासांनी एक, उपाशीपोटी, भरपूर पाण्यासंगं. पण विलायती दवाई गरम राह्यते, हे आपल्याकडं कोणाले ठावं नाही? थंडावा म्हणून तू दर गोळीवर पेलाभर दूध पाजलं, वरून साय घालून. किती गं तुझी माया!

अन् ताप हटता हटेना. मोठेबाबा डोळे उघडेनात, तुझ्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टर पुन्हा आला, पेला पाह्यला अन् त्यानं कपाळावर हात मारला.

"माय, दुधानं ह्या गोळीचा जोर पोटातच अडते. रक्तात उतरतच नाही. गोळीच्या आगंमागं दूध-दही बंद!"

"मंग माहा माणूस जगन कायच्यावर?"

"पेजेवर!"

तू तरातरा गोठ्यात गेली अन् म्हशीलेच झापलं, "तुह्या दुधापायी माहा धनी जात होता!" तिचा काय कसूर होता वं?

मग एका सकाळी मोठेबाबा उठून बसले अन् तुझ्यावरच खेकसले, "पेजेत मीठ काहून नाही?" तू रडत रडत अंगणात धावली, "भांडून राह्यला! वाचला वं बाई!" अख्ख्या गल्लीले गूळ वाटला. काय दिवस होता तो!

एक मात्र तुझं चुकलंच. ताप उतरला तशा उरलेल्या गोळ्या तू आमच्या लहानग्या गण्याच्या खोकल्यासाठी पदरात बांधल्या. डॉक्टरनं गाठ सोडवली. "ह्या साऱ्या मोठेबाबालेच दे, नाहीतर ताप उलटन. लेकरांले अन् पोटुशीले तर देऊच नको, लेकराचे दात पिवळे पडतात." गण्याचे पांढरेशुभ्र दात पाह्यले की मले अजून त्या डॉक्टरले हात जोडावे वाटतात.

मी गोळ्या पाण्यासंगंच घेते, साऱ्याच्या साऱ्या घेते. काळजी करू नको.

पण मोठेबाबा, मोठीमाय! तू देवाघरी गेल्यापासून कोणाशीच भांडत नाहीत. वाढलं ते जेवतात, हो म्हणतात, झोपतात. मले त्याचंच भेव वाटते. बरी झाली की बोरीले येते, अन् ते माझ्यावर खेकसल्याबिगर परत फिरत नाही. वचन देते तुले.

तुझी लाडाची,
कुसुम