पाचवं शील

२४ जुलै २००२

किळस आली. दुसरा शब्द नाही.

आषाढ पौर्णिमा म्हणून आज आम्ही दोघं विहारात वंदनेला गेलो. पांढरी साडी, पांढरा सदरा, सगळं नीट. पंचशील म्हणायला सुरुवात झाली. पाचवं शील आलं – नशेच्या वस्तूंपासून दूर राहीन – आणि पुरुषांच्या रांगेतून नुसतं 'म्म म्म' ऐकू आलं. वळून पाहिलं तर भीमराज! हात जोडलेले, डोळे मिटलेले आणि गालात गुटख्याची पुडी. हनुवटीवर तांबडा ओघळ. वंदना संपली तसा विहाराच्या मागे गेला आणि पचकन थुंकला. बायका माझ्याकडे बघत होत्या. जसं काही मीच थुंकले.

नवऱ्याचं नाव मी चारचौघांत घेत नाही, 'हे' म्हणते. पण वहीत एकेरीच लिहिणार. इथे कोण विचारतंय मला?

२७ जुलै

उशीच्या अभ्र्यावर पुन्हा डाग. साबणाने जात नाही. सकाळी ओट्यावर दातांना मिसरी लावत बसले होते तेव्हा वाटलं, उशीच चुलीत घालावी.

१ ऑगस्ट

सरकारने आजपासून गुटखा बंद केला! रेडिओवर स्वतःच्या कानांनी ऐकलं. आनंदाने माझ्या अंगणवाडीतल्या लेकरांना खिचडी जास्तच वाढली.

अंगणवाडीची भिंत मी स्वतः चुन्याने रंगवते. आठ दिवसांत तिच्यावर पिचकाऱ्या. लेकरं त्याच भिंतीला टेकून गाणी म्हणतात. या गावातल्या बाप्यांना लाज म्हणून नाही.

४ ऑगस्ट

कसली बंदी! भीमराज वारंगा फाटा ते नांदेड जीप चालवतो, त्याला सगळं ठाऊक. म्हणाला, "बंद कुठं झालंय? पयले समोर माळा लटकायच्या, आता गल्ल्याखालून देऊन राहिले. भाव तेवढा चढला."

गावात टपरी एकच, सोनाजीची. तिथे जाऊन त्याला झापलं. तो शांतपणे पान पुसत होता. "ताई, पुडी बंद केली तर मानसं तंबाखू मळतील. ती बंद केली तर बिडी वढतील. मानसाला कायतरी लागतंच. माझ्यावर काहून चिडून राहिल्या?"

विष विकायचं आणि वर इतका थंडपणा. ठरवलं – ग्रामसभेत सगळंच बंद करून टाकायचं. गुटखा, तंबाखू, बिडी, काही नको गावात. मोकळीक दिली की माणूस उकिरड्यावरच जातो.

१५ ऑगस्ट

झेंडा झाल्यावर ग्रामसभा. बायकांना मी घरोघर जाऊन गोळा केलं होतं. आमच्या शेजारच्या जनकाबाई तर सगळ्यांत पुढे. मी उभी राहिले आणि बोलले. लेकरांची भिंत सांगितली. तालुक्याला एका माणसाचा गुटख्यापायी अर्धा जबडा काढला ते सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंच मान हलवायला लागले.

मग सोनाजी उठला. "ताईचं बराबर हाय. पुडी बंद, तंबाखू बंद, बिडी बंद. मंग मिसरी? ती काय हुलगे भाजून करत्यात? ती बी तंबाखूच ना!"

बाप्ये खदखदून हसले. आमच्या सगळ्यांचे पदर तोंडावर गेले. जनकाबाई तरातरा उठल्या, "अरे, मिसरी काय व्यसन हाय का? दात घासायची वस्तू ती. माझ्या मायनं लावली, आजीनं लावली. न्हाई लावली तर पोट साफ व्हत न्हाई."

मीही तेच म्हणाले. मोठ्याने म्हणाले. मिसरी लावून कोणी भिंती रंगवतं का? कोणी विहारात गाल फुगवून बसतं का?

शेवटी ठराव झाला. गावात तंबाखूची कुठलीही वस्तू विकायची नाही, मिसरीपुरती तंबाखू सोडून. मी जिंकले.

२१ ऑगस्ट

काय जिंकले, माझं कपाळ! मिशीवाले बाप्ये टपरीवर जातात आणि म्हणतात, "मिसरीची दे." सोनाजी देतो. आजपर्यंत खपली नसेल एवढी मिसरीची तंबाखू गावात खपते आहे. ठराव मोडला असं कुणाला म्हणता येत नाही. भिंतीवर तीन नव्या पिचकाऱ्या. भीमराज हसत म्हणाला, "दार तुमीच उघडं ठेवलं की." त्याच्या हसण्याचाही वास येतो.

२९ ऑगस्ट

नांदेडला गेलो. भीमराजला भाकर चावत नाही, ताकात भिजवून गिळतो. मिरची तर सहनच होत नाही. डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायला सांगितलं. एक बोट जेमतेम आत गेलं. तीन जायला पाहिजेत म्हणे. गाल आतून पांढरे, ताठ. अजून कॅन्सर नाही, पण पुडी सोडली नाही तर होईल. त्याचे डोळे असे झाले की माझा सगळा राग पोटात गेला.

मग बाईंनी माझ्या दातांकडे पाहिलं. "तुम्ही दाखवा बरं."

मी म्हणाले, मी काही खात नाही. त्यांनी खालचा ओठ ओढला आणि मला आरसा दिला. ओठाच्या आत पांढरा चट्टा. मिसरीचं बोट फिरतं, बरोबर तिथेच. "तुमचं तोंड अजून उघडतं, एवढाच फरक," म्हणाल्या.

परतताना फाटा आल्यावर तो म्हणाला, "पल्लवीची आई, तू मिसरीची डबी फेक. मी पुडी फेकतो. एकट्यानं मला जमणार न्हाई." मी हो म्हणाले. घरी येऊन दोघांनी मिळून सगळं चुलीत घातलं. घरभर तो भाजका वास. मला तो वास आवडला, हे इथेच लिहिते.

२ सप्टेंबर

डोकं ठणकतं. पोट दगड. लेकरांवर उगाच ओरडले.

११ सप्टेंबर

भीमराज बडीशेप चघळतो, लाकडी पट्ट्या तोंडात घालून तोंड उघडायचा व्यायाम करतो. पुडीला हात नाही. हा माणूस सोडेल असं मला वाटलंच नव्हतं! खरं सांगायचं तर थोडा रागच आला. त्याला जमतं आणि मला सकाळी उठून काय करावं कळत नाही.

२९ सप्टेंबर

अभ्रा स्वच्छ. उशीला खोबरेल तेलाचा वास.

दुपारी जनकाबाईंकडे बसायला गेले. त्या मिसरी भाजत होत्या. मी नुसतीच बसले.

६ ऑक्टोबर

आरशासमोर उभा राहून हाका मारत होता, "पल्लवीची आई, ये इकडं! दोन बोटं जाऊन राहिली!" पल्लवी नाचली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "तुला कसं काय वाटून राहिलं?" त्याने विचारलं. बरं आहे म्हणाले. मग पुन्हा जनकाबाईंकडे जाऊन आले.

१५ ऑक्टोबर, दसरा

धम्मदीक्षेचा दिवस, विहार गच्च भरलेला. पाचवं शील आलं. भीमराजचा आवाज खणखणीत, शब्द न् शब्द कळत होता. बायकांच्या रांगेतून 'म्म म्म' ऐकू आलं. त्याने वळून पाहिलं. मी पदर तोंडावर घेतला.